मागच्या पलंगावरचं पाप

शेवटी आमची घरगाडी चिखलातून निघाली, आत्या पुढच्या सीटवर बसून घरी आली आणि गतीबाबा स्वतःच्या गाडीसकट रुतून बसले. झालं, संपली गोष्ट. आता हे मी तुम्हाला सांगितलेलंच नाही असं समजा. गाडी अजून रुतलेली आहे, आत्या मागच्या पलंगावर शब्दकोडं सोडवते आहे, बाबा अजून दिव्य आहेत आणि मी घोटाभर चिखलात उभा राहून चपला शोधतो आहे. एक सापडली आहे. ती माझी नाही.

तळ्याकाठच्या त्या मैदानावर माणसांची ही गर्दी उसळलेली. सगळे अनवाणी, सगळ्यांच्या कपाळाला चिखल. एका गाडीचं चाक चिखलातून वर आलं की लोक असे गहिवरत, जणू चाक नव्हे, बुडालेलं पोर वर आलं. मग त्याच चिखलात वाकून मूठ भरायची, कपाळाला लावायची, उरलेला डबीत घालून घरी न्यायचा. काही बायका पोरांच्या गालांनाही लावत होत्या. पोरं रडत होती. माझ्या मते त्या मैदानावर शहाणी तेवढीच होती.

घरगाडी म्हणजे मोटरहोम. पुढे गाडी, मागे घर. ओटा, न्हाणीघर, कपाट, सगळं चाकांवर. मागची चाकं संपली तरी घर संपत नाही, ते त्यांच्याही मागे बरंच लोंबत राहतं आणि त्या लोंबत्या भागात एक ऐसपैस पलंग असतो. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्याच्या आनंदात अशी एक गाडी भाड्याने आणली होती. पलंग अर्थातच आत्याला दिला. आमच्याकडे थोरांचा फार मान ठेवतात. म्हणजे त्यांना चांगली जागा द्यायची आणि तिथून हलू द्यायचं नाही.

आत्या अप्पांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. यजमान गेल्यावर आमच्याकडे राहायला आली आणि त्या दिवसापासून दारं हळू लावायला लागली. कपाटाचं, फ्रिजचं, न्हाणीघराचं. आवाज होता कामा नये. शाळेत हिचा आवाज तिसऱ्या वर्गापर्यंत जायचा म्हणे.

मैदानाच्या फाटकावरच्या राखणदाराने आम्हाला खडीच्या पट्ट्यावर जाऊ दिलं नाही. हिरवळीकडे बोट दाखवून म्हणाला, तिकडून तळं छान दिसतं. छानच दिसलं, कारण तिथून हलताच येईना. अप्पांचा एक सिद्धान्त आहे, की जे होत नाही ते जोरात करावं. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आमच्या गाडीला पुढची चाकं ओढतात, मागची नुसती वरातीतल्या पाहुण्यांसारखी मागून येतात. पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि स्वतःसाठी खड्डा खणून त्यात बसली. अप्पांनी आणखी जोर केला. खड्डा आणखी नीटनेटका झाला.

मग भोंगा वाजला. भोंगेवाला शिष्य पुढे, मागे तीन पहिलवान शिष्य, त्यांच्या मागे गतीबाबा. शुभ्र अंगरखा, शांत चेहरा, देह असा की दोन साधूंना पुरावा. भक्त अनवाणी होते. बाबांच्या पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट. त्यांची स्वतःची घरगाडी लांब खडीच्या पट्ट्यावर उभी होती. श्रद्धा चिखलात, टायर खडीवर.

"बाळ, गाडी कधी रुतत नसते," बाबा अप्पांच्या खिडकीशी येऊन म्हणाले. "गाडीतलं पाप रुततं."

अप्पा बँकेत अधिकारी होते. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या आजोबांचीही चौकशी करणारा हा गृहस्थ. त्यांनी मान डोलावली.

बाबांनी आधी परीक्षा घेतली. सगळे आत बसा, गाडी सुरू करा. चाकं गरगरली, चिखल उडाला, गाडी तसूभर हलली नाही. बाबांनी डोळे मिटले, हात हवेत फिरवला आणि तो नेमका मागच्या खिडकीवर थांबवला. भोंग्यातून घोषणा झाली, की मागच्या भागात एक जड आत्मा आहे. गर्दीने माना वळवल्या. खिडकीत आत्या होती. तिने चष्मा वर केला आणि आपल्या मागे कोण आहे ते वळून पाहिलं. मागे भिंत होती.

आत्याला उतरवण्यात आलं. मग विधी सुरू झाला. "साठवलेलं पाणी म्हणजे साठवलेला मोह," असं म्हणून एका पहिलवानाने गाडीखाली हात घालून टाक्यांच्या तोट्या उघडल्या. आमचं भांड्यांचं, अंघोळीचं आणि पिण्याचं पाणी भळाभळा मैदानात गेलं. चाकांत अहंकार भरलाय म्हणून पुढच्या दोन्ही टायरची थोडी हवा सोडली. फुस्स झालं तेव्हा लोकांनी हात जोडले. एका बाईंना अहंकार जाताना स्पष्ट ऐकू आला. चाकांच्या मागे गोणपाटं सारली, वर दिव्य चूर्ण टाकलं. मी चिमूटभर दातांखाली घेऊन पाहिलं, कचकच लागली. दगडाची भुकटी होती. तिघं पहिलवान पुण्याचा भार म्हणून पुढे अप्पांच्या शेजारी दाटीवाटीने बसले. शेवटी बाबांनी अप्पांना आज्ञा केली: पुढे जाण्याचा हट्ट सोड, मागे ये, आणि पाय नम्र ठेव.

अप्पांनी जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट हळू केली. गाडी हातभर मागे आली.

लोक वेडे झाले. आणि बाबांनी हात वर करून गाडी तिथेच थांबवली. उरलेली मुक्ती जड आत्मा तंबूत शुद्धीला बसल्यावर मिळेल, असं सांगण्यात आलं. तोवर गाडी हलवली तर पाप दुप्पट होऊन चढेल.

तंबू मी चपला शोधताना आधीच पाहिला होता आणि येऊन आत्याला सांगितलंही होतं. आत एक निवृत्त पोस्टमास्तर आणि कुणाची तरी सासू जमिनीवर बसून गोणपाटाचे तुकडे कापत होते. दोघंही कुठल्या ना कुठल्या गाडीतले जड आत्मे. शुद्धी होईपर्यंत त्यांना इथे ठेवलं होतं. शुद्धी कधी होते हे त्यांच्या मुलांनी विचारलं नव्हतं. गाड्या निघाल्या होत्या ना. मुलं वाईट होती असं नाही. घरातलं म्हातारं माणूस ही अडचण आहे, हे त्यांना आपल्या तोंडाने म्हणायची लाज वाटत होती; बाबांनी ते देवाच्या तोंडून म्हणून दाखवलं. सोय झाली.

मला वाटलं होतं, अप्पा आता बाबांना चार शब्द सुनावतील. अप्पांनी विचार केला. म्हणजे घड्याळ पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"प्रश्न नाहीच मुळी," आत्या म्हणाली आणि पिशवी भरायला गाडीत चढली.

आईने वन्संकडे पाहिलं नाही. ती आपल्या पायांकडे पाहत होती आणि पाय चिखलात असल्यामुळे तिला काहीच दिसत नव्हतं. मला चीड आली. बाबांची नव्हे, त्यांचा तो धंदा. आम्हा घरातल्यांची.

त्यात वास आला. शेजारच्या एका काकूंनी तीर्थ म्हणून माझ्या कपाळाला बोटभर चिखल लावला आणि त्याला लिंबाचा वास होता. भांड्यांच्या साबणाचा. काकूंच्या स्वतःच्या कपाळावर, टिळ्याच्या बरोबर मधोमध, एक शिजलेलं भाताचं शीत चिकटलं होतं. मी खाली पाहिलं. पाऊस होऊन बरेच दिवस झाले होते, रस्त्यापलीकडची शेतं कोरडी ठाक होती, आणि हे एवढंच मैदान ओलं. मोह सोडलेल्या गाड्यांचे ओघळ उतारावरून एकमेकांत मिसळून हिरवळीच्या पोटात जिरत होते. प्रत्येक सुटलेली गाडी पुढच्या गाडीसाठी चिखल करून जात होती. काहींनी भांड्यांच्या टाकीबरोबर संडासाचीही टाकी मोकळी केली असणार, कारण मोह काही एकाच जागी साठत नाही. आणि हे लोक ते पोरांच्या गालांना लावत होते.

मी कपाळ बाहीला पुसलं. मग बाही गाडीला पुसली. मग आत गेलो.

आत्या पलंगाच्या कडेला बसून साड्यांच्या घड्या घालत होती.

"आत्या, तुला खरंच वाटतं हे?"

"मी उतरले आणि गाडी हलली. तूही पाहिलंस."

"टाक्या रिकाम्या झाल्या, हवा सोडली, गोणपाटं आली, तीन रेडे पुढे बसले, अप्पांनी पाय हळू ठेवला. आणि तू उतरलीस. यातल्या कशामुळे हलली?"

घडी अर्धवट राहिली.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती स्वतःशीच म्हणाली. "हे तर मी सहावीच्या पोरांकडून घोकून घेत होते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण तुझ्या अप्पाने मात्र एकदाही विचारलं नाही रे. लगेच ठेवायला तयार झाला. त्याचं काय करायचं?"

मी तिची अर्धवट घडी पुरी केली.

मग ती बसल्या जागी एकदा जोरात हलली. गाडीचं मागचं टोक दबलं, पुढचं किंचित उचललं गेलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पिशवीतली शिवणाची लाकडी पट्टी काढली, चष्म्याच्या घरावर आडवी ठेवली आणि मागच्या लोंबत्या टोकावर बोट दाबलं. पुढचं टोक वर आलं.

"मला या पलंगावर कुणी बसवलं?"

"आम्हीच. मान म्हणून."

"आणि त्या पोस्टमास्तरांना?"

"त्यांनाही मानच असणार."

"हं." तिने चष्मा लावला. "जा, बाबांना आत बोलाव. मान देऊन."

मी बाहेर जाऊन बाबांपुढे एवढा वाकलो की पाठीत चमक भरली. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की महाराज, जड आत्म्याने मलिन केलेला पलंग आपण आणि आपल्या शिष्यांनी बसून पावन केलात तर गाडी नुसती निघणार नाही, उडेल, नाही का? गर्दीने होकार दिला. एवढ्या लोकांपुढे आपलं पुण्य नाकारणं बाबांना जमलं नाही. गमबुटांसकट ते आत गेले आणि तिघं पहिलवान घेऊन मागच्या पलंगावर विराजमान झाले. गाडीचं नाक आकाशाकडे गेलं. थोडंसंच, पण मला फार आवडलं.

आत्या खाली उतरून उभी राहिली. तिने गर्दीला मोजक्या शब्दांत दाखवून दिलं, की टाक्या रिकाम्या आहेत, हवा सोडलेली आहे, गोणपाटं जागेवर आहेत, चूर्ण आहे, मी बाहेर आहे. फक्त पुण्य पुढून मागे गेलं आहे. मग अप्पांना म्हणाली, "चालव. मघासारखंच हळू."

अप्पांनी चालवली. चाकांनी गोणपाटं मागून ओढून घेतली, पुढे फेकून दिली आणि गरगरली. चिखलाची एक घसघशीत पिचकारी भोंगेवाल्याच्या उघड्या तोंडावर बसली. तो नुकताच जयजयकार करणार होता.

आतून बाबांचा आवाज आला, की ती बाई फार जवळ उभी आहे, तिला लांब न्या. आत्या वाद न घालता फाटकापर्यंत चालत गेली. गोणपाटं पुन्हा लावली, पुन्हा चालवली. पुन्हा गरगर. आता राखणदारही फाटक सोडून बघायला आला होता. तो बाबांचा मेहुणा निघाला. बाबांना संसार नव्हता, पण मेहुणा होता.

आत्या परत आली. चिखल तुडवत, सावकाश. शाळेच्या आवारात मधली सुट्टी संपल्यावर बाई येतात तशी. आणि तिचा तो आवाज, जो आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता, मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

"महाराज, उतरा. तिघांनाही उतरवा. आता पाप आत बसेल आणि पुण्य बाहेर राहील."

ती पुढच्या सीटवर अप्पांच्या शेजारी बसली. मी गोणपाटं सारखी केली. अप्पांनी या वेळी पाय सांगण्याआधीच नम्र ठेवला. गाडी मागे सरकली, गोणपाटावर चढली, आपल्याच चाकोरीतून मागे मागे येत खडीच्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिली.

आत्याने पट्टी आणि चष्म्याचं घर गाडीच्या पायरीवर मांडलं. हे मागचं चाक, ही गाडी. मागच्या टोकावर वजन टाकलं की पुढचं टोक उचललं जातं. ओढणारी चाकं पुढे आहेत, ती हलकी झाली की जमीन पकडत नाहीत, नुसती फिरतात. मागे पोस्टमास्तर बसोत, मी बसो की हे महाराज, पट्टीला माणूस कळत नाही, वजन कळतं. टाकी मागे, ती रिकामी केली. पहिलवान पुढे, ते भर घालत होते. हवा कमी केली की टायर पसरतो. गोणपाट आणि भुकटी चाकाला पकड देतात. हळू चालवलं की चाक खणत नाही. यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. तेवढंच सांगितलं असतं तर मीच आभार मानले असते. पण पाच खऱ्या गोष्टी केल्या आणि श्रेय सहाव्या खोट्या गोष्टीला दिलं, आणि ती सहावी गोष्ट म्हणजे दर वेळी कुणाची तरी आई किंवा कुणाचा तरी बाप.

मग चिखल कशाचा आहे ते मी तिला कानात सांगितलं आणि तिने ते सगळ्यांना. भराभर कपाळं पुसली गेली. काही पुसली गेली नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, पवित्र नसेल, पण औषधी असू शकेल. तेवढ्यात दुसऱ्या एकाने आत्याचे पाय धरले. माताजी, आमच्याही गाडीला हात लावा.

"हात नको," आत्या म्हणाली. "सामान आणि माणसं पुढे घ्या, थोडी हवा सोडा, चाकाखाली काहीतरी खरखरीत घाला आणि हळू मागे या. टाकी रिकामी करायची ती गटारावर."

"आणि मंत्र?"

"हाच. हवा तर चार वेळा म्हणा."

बाबा या गडबडीत आपल्या गाडीत चढले होते. फाटकाच्या वाटेवर आमची गाडी आडवी उभी होती, म्हणून त्यांनी घाईने हिरवळीवरून कट मारला. पहिलवान मागे पलंगावर, चूर्णाची पोतीही मागे. अप्पांच्या सिद्धान्तानुसार त्यांनी जोर केला. खड्डा सुबक झाला. काही भक्त अजूनही ढकलायला धावले. आत्याने त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "ढकला, पण ढकलताना तोंड मिटून ठेवा. मोह उडतोय."

पोस्टमास्तर आणि त्या सासूबाई आमच्या गाडीतून आले. आम्ही त्यांना त्यांच्या त्यांच्या दारात सोडलं. दारं उघडणाऱ्या मुलांची तोंडं मी पाहिली. चिखलापेक्षा ती जास्त वेळ लक्षात राहिली. रस्त्यात अप्पा एकदा म्हणाले, "ताई, मी जरा..." आत्या म्हणाली, "रस्त्याकडे बघ." त्यापुढे तो विषय निघालेला नाही. मात्र घरी आल्यापासून ती दारं सगळ्यांसारखी लावते. फ्रिजचं तर चक्क आपटते. अप्पा दचकतात.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी खाली वाकून पाहा. काय काय बदललं ते मोजा आणि एकेक मागे घेऊन बघा. आणि घरातलं एखादं माणूस सोडून द्यायला कुणी दैवी कारण पुरवत असेल, तर आधी हे विचारा, की ते कारण आपल्याला एवढं पटकन का पटलं.

सबब, वाहन नोंदणी खात्यास नम्र विनंती, की यापुढे प्रत्येक घरगाडीच्या कागदपत्रांत आसनक्षमतेच्या शेजारी पापक्षमता असा रकाना असावा. मागच्या चाकांच्या पलीकडे किती किलो पाप चालेल ते त्यात स्पष्ट नमूद असावं. कुणाही नातलगास जड आत्मा ठरवण्यापूर्वी त्याचा आत्मा, देह वगळून, सरकारी वजनकाट्यावर तोलण्यात यावा व त्याची पावती तीन प्रतींत मिळावी. आणि सदर काट्यावर प्रथम, गमबुटांसह, गतीबाबांना उभं करण्यात यावं. ते अजून तिथेच आहेत. खात्याने स्वतःची गाडी आणल्यास ती खडीवर उभी करावी.